सतरा सह्या

ताम विनची सही कोणी मागितली की तो आधी उजवा हात पँटला पुसायचा. हात स्वच्छ असला तरी पुसायचा. अठ्ठावीस वर्षं तो नारळ सोलत होता. जमिनीत रोवलेला लोखंडी सुळा, त्यावर नारळ आपटायचा, पिळायचा, सोडण बाजूला टाकायचं. दिवसाला हजार-बाराशे. त्यामुळे तो हात आता पुरता उघडत नसे आणि पुरता मिटतही नसे. त्यात पेन ठरत नसे.

व्हिएतनाममधल्या जोंग त्रोममध्ये आमची घरं एकाच कालव्यावर. माझा मुलगा आणि तामची मुलगी क्वेन त्या वर्षी सहावीत गेली, एकाच वर्गात. तामची बायको वरच्या प्रांतात बुटांच्या कारखान्यात होती, फेब्रुवारीतल्या चांद्र नववर्षाला यायची. घरात बाप आणि मुलगी. समोरच्या भिंतीवर पहिली ते पाचवीची पाच प्रशस्तिपत्रं काचेत लावलेली, आणि सहाव्यासाठी तामने खिळा आधीच ठोकून ठेवलेला.

सप्टेंबरच्या पहिल्या पालकसभेत वर्गशिक्षिका थुईबाईंनी वर्ष कसं जाईल ते सांगितलं. त्या बोलत होत्या आणि बाहेर कोणीतरी झाडलोट करत होतं.

"पाचवीपर्यंत एक बाई होत्या. आता अकरा शिक्षक आहेत. तासाच्या सुरुवातीला कुणाचंही नाव पुकारलं जाईल, उभं राहून धडा सांगायचा. वर्षात दोनदा बूट लहान होतील. आणि मुलं घरी येऊन बोलायची कमी होतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वही बघा."

वही म्हणजे संपर्कवही. दर शनिवारी आठवड्याचे गुण आणि बाईंचा शेरा घेऊन घरी यायची, पालकाने सही करायची, सोमवारी परत. सही नसेल तर मूल तासभर उभं. सही मुलाने केलेली निघाली तर वर्तणुकीचा शेरा एक पायरी खाली. वर्षाची वर्तणूक 'उत्तम' नसेल तर प्रशस्तिपत्र नाही, गुण कितीही असोत.

पहिल्या शनिवारी तामने सही केली. त्याने पेन नारळासारखं धरलं आणि दाबलं. कागद फाटला. क्वेनने मागून भाताच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली.

दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "तूच कर गं."

"बाबा, पकडतात."

"पकडतात ते चोरून केली तर. मी सांगतोय ना? माझ्यासमोर कर."

तिने केली. गोल अक्षरं, खाली शेपटी. तामने वही हातभर लांब धरून पाहिली.

"ही चांगली आहे. ही माझी."

पुढे पुढे 'माझ्यासमोर' गळून गेलं. शनिवारी नारळाच्या होड्या भरायच्या असत. क्वेन वही उघडायची, सही करायची, मिटायची. तो विचारायचा, "केली का?" ती म्हणायची, "केली." एवढंच बोलणं.

नववर्षाच्या तीन आठवडे आधी, पहिलं सत्र संपल्यावर दुसरी पालकसभा झाली. पालकांनी आपापल्या मुलाच्या जागेवर बसायचं असतं. क्वेनची जागा खिडकीजवळ, तिसऱ्या रांगेत. ताम बाकात शिरला आणि अडकला.

शाळेच्या फाटकाशी नूडलचं सूप विकणाऱ्या हुओंगताई त्याच्या शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "तामभाऊ, गुडघे आत घ्या. जाताना बाक नेसून जाल."

"नेला तर बसायला होईल घरी."

"आधी मुलीला विचारा. ती देते का बसायला."

मी मागच्या बाकावर होतो. ताम हसला आणि हात कुठे ठेवावे हे न कळून त्याने ते बाकाच्या कप्प्यात घातले. तिथून एक दुमडलेला कागद निघाला. त्याने तो उघडला. पानभर सही. विन, विन, विन, कधी शेपटी लांब, कधी आखूड, शेवटच्या ओळीत एकदम जमलेली. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात हजेरीचा कागद फिरत आला. त्याने हात पुसला, पेन घेतलं आणि सही केली. ती सही पाय मोडलेल्या किड्यासारखी दिसत होती. थुईबाई एकेका पालकाला वही परत देत फिरत होत्या. त्या थांबल्या. त्यांनी हजेरी पाहिली, मग हातातली वही उघडली.

"तामभाऊ, हजेरीवरची सही तुमची?"

"हो."

"मग वहीतल्या सतरा कुणाच्या?"

वर्गात चाळीस माणसं होती. सगळी आपापल्या गुणपत्रिकेत डोकं घालून ऐकू लागली.

"काल मी क्वेनला विचारलं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाली, बाबांनीच केल्यात. म्हणजे सह्याही खोट्या आणि बोलणंही. नियम तुम्हाला माहीत आहे."

ताम उठायला गेला, पण बाकाने त्याला उठू दिलं नाही. तो अर्धवट उभा राहून बोलला.

"तिने खोटं सांगितलं नाही, बाई. मीच करायला लावल्या. मला लिहिता येतं, पण हात असा आहे. इथे सगळ्यांच्या सह्या बघितल्या मी सप्टेंबरात. लाज वाटली."

"मग शेरे तरी वाचलेत का?"

ताम परत बाकात बसला.

बाईंनी वही त्याच्यासमोर ठेवली. "नवव्या आठवड्यात लिहिलंय, धडा येतो, पण उभं केलं की क्वेन गप्प होते, घरी काही झालंय का. बाराव्यात परत तेच. चौदाव्यात लिहिलंय, येऊन भेटा. तिन्हींखाली तुमची सही आहे. मला वाटलं, बाप वाचतो आणि येत नाही."

"मी वाचलं नाही."

"पहिल्या सत्राची वर्तणूक 'चांगली' लागेल, 'उत्तम' नाही. ते मला बदलता येणार नाही, मुलांसमोर नियम सांगितलाय. पण वर्षाचा शेरा मुख्यतः दुसऱ्या सत्रावर ठरतो. दुसरं सत्र स्वच्छ गेलं तर वर्ष वाचेल."

"या सतरांचं काय?"

"म्हणजे?"

"या पुन्हा करतो. खाली जागा आहे."

सभा संपली, माणसं गेली. माझा मुलगा बाहेर सायकल घेऊन थांबला होता, तरी मी दाराशी रेंगाळलो. बाई टेबलावर कुलूप ठेवून बसल्या. ताम दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला. तो आधी शेरा वाचायचा, ओठ हलवत, शब्दाखाली बोट धरून. मग हात पुसायचा. मग मुलीच्या गोल सहीखाली आपली ठेवायचा. नवव्या आठवड्यापाशी तो बराच वेळ थांबला. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.

क्वेन अंगणात बदामाच्या झाडाखाली उभी होती, शाळेचा लाल रुमाल गळ्यातून काढून मुठीत गुंडाळलेला. ताम बाहेर आला. त्याने वही तिच्या हातात दिली. तिने पानं उलटली, शेवटपर्यंत.

"पहिल्या दोन काय आहेत, बाबा? मुंगळे?"

"मुंगळेच."

"शेवटची वाचता येते."

"हात बसला तोवर." मग तो म्हणाला, "उभं केलं की गप्प का होतेस?"

ती सायकलवर मागे बसली. कालव्याच्या पुलापर्यंत दोघं तशीच गेली, मी थोडं मागे. पुलाच्या चढावर ताम उतरून सायकल ढकलू लागला, तेव्हा तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली. मला ऐकू आलं नाही. ताम ढकलायचा थांबला.

मे महिन्यात खिळ्यावर सहावं प्रशस्तिपत्र लागलं. ते आणायला ताम स्वतः गेला होता. पालकाची सही घेऊनच देतात ते. त्याने हात पुसला आणि केली.