उकिरड्याचे राखणदार

“पावडरीचा एक कण जरी पडला ना, तर आधी मला गाडा आणि मग माझा उकिरडा साफ करा!” आमचे साडू दोन्ही हात पसरून शेणाच्या खड्ड्यापुढे उभे राहून ओरडत होते. समोर ग्रामपंचायतीची माणसं जंतुनाशक पावडरीची गोणी घेऊन, आणि कुंपणापलीकडे अर्धा गाव. दुपारी स्वच्छतेची तपासणी यायची होती. देवासाठी, बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी जीव द्यायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. उकिरड्यासाठी निघालेला माणूस रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत हा एकच.

जन्मभर रेवसच्या लाँचवर तिकिटं फाडल्यामुळे इंजिनाच्या वर आवाज काढायची त्यांना सवय. ते बायकोच्या कानात काही कुजबुजले की तिकडे भाऊच्या धक्क्यावरची माणसं लाजतात, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

रिटायर झाल्यावर लोक भजनाला लागतात, हे बुरशीला लागले. त्याला कारण शेजारच्या खैरूनआपा. आपांचे मुलगे दुबईला, इथे त्या, त्यांच्या शेळ्या आणि नव्याने लावलेली माडांची वाडी. त्या माडांना गेंडा भुंगा लागला. हा काळा शिंगवाला प्राणी कोवळ्या शेंड्यात शिरतो, आणि पुढे झाप, म्हणजे झावळी, उलगडते ती कात्रीने कापल्यासारखी. काही माड तर शेंड्यापासूनच बसले. कृषी खात्याचा माणूस भुंग्यांचं माहेर शोधत निघाला आणि साडूंच्या उकिरड्याशी येऊन थांबला. फावडं मारलं तर आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या! आपांच्या माडांवर तुटून पडणारी फौज साडूंच्या शेणात पोसली जात होती. आपा एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुझी पोरं माझी वाडी खातात.” त्या रात्री साडू जेवले नाहीत.

आपा विषारी औषध आणायला निघाल्या होत्या. साडूंनी त्यांना अडवलं. “खाली विहीर हाय, शेळ्या हायत. मी अळ्या मारणारी बुरशी टाकतो. भुंगे अंडी घालायला इथंच येतात, इथंच त्यांना गाठतो.” वाडीला एक बंगलेवालं गिऱ्हाईक लागलेलंच होतं, मुलगेही फोनवरून विका विका करत होते. आपांनी पावसाळा सरेपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं. नवी झाप धड आली तर वाडी राहील, नाहीतर तिथे पोहण्याचा तलाव होईल.

तेव्हापासून साडूंच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी बुरशीच्या भुकटीचं पाकीट राहायला आलं. तिला ऊन सोसत नाही म्हणून उन्हं कलल्यावर पाणी कालवायचं, आणि झारीवर छत्री धरून खड्ड्यापर्यंत न्यायचं. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत या गृहस्थांनी आमच्या मेहुणीवर, म्हणजे स्वतःच्या बायकोवर, छत्री धरली नव्हती! खड्डा ओला राहावा म्हणून वर झावळ्यांची सावली. मेहुणीने एकदा फिनेलची बादली तिकडे नेली तर “खून! खून!” असा आरडाओरडा केला. बुरशी हळू काम करते. त्या घरात आवाज न करता काम करणारी तेवढी एकच. मधल्या काळात भुंगे थेट शेंड्यातून काढायला साडू तारेचा आकडा घेऊन शिडीवर चढत, आणि खाली शिडी धरायला मी.

पहिली अळी मेली तेव्हा ती ताठ होऊन अंगभर हिरवी झाली. साडूंनी ती स्टीलच्या डब्यात घालून पुतणीच्या साखरपुड्याला आणली. नवऱ्यामुलाच्या काकांनी पिस्त्याची बर्फी समजून हात घातला. लग्न मोडलं नाही हे त्या मुलीचं नशीब.

तर, पावडर. “अहो भाऊ, गावाचं बक्षीस जाईल,” सरपंच काकुळतीला आले. “जाऊ दे. पावडर पडली की बुरशी मेली. मग आपाच्या माडांना काय तुमचं प्रशस्तिपत्रक बांधू?” पावडर पडली नाही. बक्षीसही आलं नाही. पुढे कितीतरी दिवस न्हावी दाढीचा साबण लावताना विचारायचा, “भाऊ, बुरशी काढू की राहू दे?” साडू हसायचे नाहीत. रोज कुंपणाशी उभं राहून शेंडे न्याहाळायचे.

पाऊस सरला. रस्त्याकडचे काही माड गेलेच. तिथे आता नुसतं आभाळ दिसतं, आणि साडू त्या बाजूला बघायचं टाळतात. बाकीच्यांची नवी झाप मात्र उलगडली ती अखंड, विंचरल्यासारखी. बंगलेवाल्याची गाडी आली त्या दिवशी साडू मुद्दाम आपांच्या माडांच्या आळ्यांत पाणी सोडायला गेले. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला, मग विचारलं, “आपा, काय सांगितलंस त्याला?”

“न्हाय विकायची म्हटलं. पाइप त्या आळ्यात धर, पाणी वाटेवर चाललंय.”