श्यामरावांचा जिना

श्यामरावांना चौकश्यांचं भारी वेड. खिदिरपूरच्या गोदीत कस्टमची नोकरी, म्हणजे दिवसभर बोटींवर चढउतार आणि "हे काय, ते कसं" विचारायला पगार! पण घरी आल्यावरही माणूस थांबेल तर शपथ.

बंगलीच्या मागं पावसाचं पाणी साचायचं, म्हणून खांबांवर उंच फळ्या ठोकून उघडा सज्जा केलेला होता. तिथून परसात उतरायला श्यामरावांनी स्वतः आखून जिना करून घेतला. रोजची सवय बोटींची, तेव्हा जिनाही तसाच निघाला: अरुंद अन् उभाच्या उभा. नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, घरात काय खलाशी राहतात?"

आता एक कोडं पडलं. श्यामरावांच्या आईंना त्या जिन्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण परसातल्या अळूला रोज पाणी मिळत होतं. विचारलं तर फणकारा. "उतरते मी. तुला काय करायच्यात नसत्या चौकश्या?"

झालं! रविवारी श्यामरावांनी पायऱ्यांवर गुपचूप रांगोळी भुरभुरली आणि नवराबायको बाजाराला गेली. परत येऊन पाहतात तो पाऊल एकही नाही. प्रत्येक पायरीवर लुगड्याचा रुंद फराटा आणि दोन्ही बाजूंना हाताचे पंजे. आई बसून, सरकत सरकत उतरत होत्या.

संध्याकाळी श्यामराव खडू घेऊन परसातल्या फरशीवर नवा जिना आखायला बसले. चढ कमी, पायरी दोन्ही पावलं मावतील एवढी रुंद. आखता आखता जिना पेरूच्या झाडापर्यंत पोचला.

"परसापेक्षा जिना मोठा! नाकापेक्षा मोती जड," नलिनीबाई हसल्या.

आई दारातून बघत होत्या. "हा थाट कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला काय धाड भरलीय?"

"आई, तू बसून उतरतेस. मला कळलंय. सांगितलं का नाहीस गं?"

आईंनी आधी रांगोळीवरून चार शब्द सुनावले, लुगडं मागून पांढरं झालं म्हणून. मग उंबऱ्यातच टेकल्या. "गुडघे गेले म्हटलं की तू मला नागपूरला तुझ्या भावाकडे, जयंताकडे धाडणार. त्याचं घर जमिनीलगत, आईला सोयीचं, असं तूच म्हणाला होतास गेल्या पावसाळ्यात. मला नाही जायचं. मला इथंच बरं वाटतं, तुमच्यात."

श्यामराव तसं सहज बोलून गेले होते. त्यांना स्वतःचा रागच आला.

"कुठंही जायचं नाहीस तू," ते म्हणाले.

"आणि तुझी बदली झाली म्हणजे?"

"तिथं पण जिना बांधू."

आई खडूच्या रेघांकडे बोट करून म्हणाल्या, "कठडा उजव्या हाताला घे. डावा गुडघा फार दुखतो रे."