ओठ तिचे, आवाज दुसरीचा

ग्लासगोला लेकीकडे राहत असताना शेजारच्या मॉरानं मला चहाला बोलावलं. तरुणपणी ती मॉडेल होती, मग टीव्हीवरची नटी झाली. तिची जुनी मालिका लागली होती. पडद्यावर ओठ तिचे हलत होते, आवाज मात्र भलत्याच बाईचा.

“माझे स्कॉटिश उच्चार मालिकावाल्यांना गावंढळ वाटले. मला न विचारता दुसऱ्या बाईकडून माझे संवाद म्हणवून घेतले,” ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. चेहरा चालतो, पण आईकडून आलेली बोली चालत नाही? माणूस म्हणजे काय दुकानातला पुतळा? आमच्याकडेही ‘शुद्ध बोल’ म्हणत कितीजणींची तोंडं अशीच बंद केली!

“आणि तू गप्प बसलीस?”

“तेव्हा बसले.”

मॉरानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि आपले सगळे संवाद आपल्याच उच्चारांत खणखणीत म्हटले.