नावानं हाक

कुंभकोणमच्या बाजारात पितळी भांड्यांवर नावं कोरणारा एक माणूस बसतो. तो नाव कधी तोंडानं विचारत नाही. लिहून द्यायला पाटी पुढं सरकवतो. कोरताना ओठ घट्ट मिटलेले असतात. गिऱ्हाइकाला हाक मारतो ती मुलखावरून. मला म्हणतो, "ए मराट्टा!" आमच्या दहा पिढ्या इथं गेल्या, तरी मराट्टाच. नऊ वर्षांत त्याच्याकडून मी चौदा भांडी कोरून घेतली. परवा पंधरावं भांडं, एक घागर, कोरून घेताना सुनावलं, "मला नाव आहे. आत्ता तूच कोरतोयस."

त्याची छिन्नी थांबली.

"मलायात आम्हां तमिळ मजुरांना हिणवून केलिंग, म्हणजे कलिंग मुलखाचे, म्हणायचे, अय्या. फार लागायचं. मग युद्धात जपान्यांनी सयामच्या जंगलात रेल्वेच्या कामावर नेलं. तिथं सकाळी पुढच्या तळावर धाडायच्या माणसांची नावं मला पुकारायला लावत. ज्याचं नाव मी घेतलं, तो परत आला नाही."

"असे किती?"

"सतरा."

त्यानं घागर पुरी करून माझ्यापुढं सरकवली. मग हळूच म्हणाला, "घेऊ तुमचं नाव?"

"नको. मराट्टाच बरं."

घरी येईपर्यंत घागरीवरचं नाव मी पोटाशी दाबून धरलं होतं.