नाकातली फ्रेंच

इकडं ये गे मंगल, अशी जवळ बस. फोन उचलत न्हाईस, निरोपाला उत्तर देत न्हाईस, म्हणून म्हातारीवर पेपरात लिहायची पाळी आणलीस! फ्रान्सच्या विद्यापीठात तुझी निवड झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि तू तुझा अर्ज पाठवणाऱ्या मास्तरांना सांगून आलीस, "मी जात न्हाई." का, तर तुला फ्रेंच शिकवणारी आमची तुळसा गेली म्हणून. तुझे बाबा तिकडं नंदिगड्ड्याला रोज पेपर वाचतात. त्यांनीही वाचावं, म्हणूनच लिहिते.

तुळसा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आई लवकर वारली, मग इथं कुंभारवाडा गावात माझ्याकडेच वाढली. तिला जाऊन दीड महिना झाला... पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझं तोंड कडू होतं. किळस येते. मेलेल्या पोरीबद्दल माणसं काय काय बोलतात, ते ऐकून.

बेळगावच्या कॉलेजात तिला पोरी हसायच्या. "नाकात बोलती, जंगलातली आली!" मग गणेशगुडीच्या एका लॉजवर कामाला लागली. तिथं धनेश पक्षी बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईनं तिला गंमत म्हणून चार शब्द शिकवले, आणि हिचे उच्चार ऐकून ती बाई टाळ्याच पिटायला लागली. कारण काय, तर त्यांचे कितीतरी शब्द नाकातून काढावे लागतात! आपण कोंकणी मिसळून बोलणारी माणसं, आपलं नाक जन्मापासून तयार. त्या टाळ्यांवर पोर बेळगावात फ्रेंच शिकली, परीक्षा दिल्या आणि दोन वर्षांसाठी फ्रान्सला गेली, भाषा आणि तिथल्या लोकांची रीतभात शिकायला. पहिल्याच महिन्यात फोन आला, "मावशे, तू रागावलीस की 'आंऽ?' करतीस न्हवं, तसंच मी वर्गात बोलले. बाई सगळ्यांना म्हणाल्या, हिच्यासारखं बोला!"

तिथं एकदा प्रत्येकानं आपल्या घरचं खाणं आणायचं होतं. तुळसानं इथून नेलेली तांबड्या मुंग्यांची सुकी चटणी ठेवली. पोरं आधी दचकली, पण सगळ्यांनी बोट लावून चाखली. कुणीतरी लसूण-लोण्यात शिजवलेल्या गोगलगायी आणल्या होत्या. हिनं एक खाल्ली. "त्यांनी माझी मुंगी चाखली, मग त्यांच्या गोगलगायीला मी कसं न्हाई म्हणू?" परत आल्यावर हे तिनं हसत हसत अख्ख्या वाडीला सांगितलं. तिथंच चुकली. सगळ्यांनी नाकं मुरडली. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीसुद्धा तिचं ताट वेगळं घासलं. ती चुलीपाशी बसून बघत होती. आज मला त्या घासणाऱ्या हातांची किळस येते.

परवा परवापर्यंत रामनगरला तुम्हा मुलींना शिकवत होती. गेली त्या दुपारी इथं घरी लाकडं काढताना ढिगातून नाग डसला. बाराव्याला पंगत बसली, तर तिचे चुलते दत्तूअण्णा पानावरून म्हणतात, "गोगलगाय खाल्ल्यान् तिनं. आमच्या देवाला चाललं न्हाई."

मी वाढता वाढता थांबले. "अण्णा, हिवाळाभर मुंग्यांची घरटी उतरवून चटणी चाटता, तेव्हा देव झोपतो व्हय?"

"ते आपलं हाय गे. ते कुठं, हे कुठं?"

"आणि नागाला फ्रेंच कळती व्हय?"

पंगत हसली. मला हसू आलं नाही. नाग डसला तेव्हा याच अण्णांची जीप त्यांच्या अंगणात उभी होती. मी अनवाणी धावत गेले. "पाव्हण्यांना धरण दाखवायचं हाय, आधी ठरलंय," म्हणाले, आणि किल्ली खिशात घातली. सख्ख्या पुतणीसाठी! दुधाचा टेम्पो मिळेपर्यंत तास गेला. दवाखान्याच्या वाटेवर, रामनगरच्या अलीकडेच माझ्या मांडीवर तिचा श्वास थांबला. असा माणूस बाराव्याला भात मागून मागून जेवला. शी!

मंगल, तुझे बाबा त्याच पंगतीत होते. अण्णांच्या बोलण्यावर त्यांनी मान डोलावली, मी बघितलं. तुम्ही हे वाचताय न्हवं दादा, रागवा हवं तर. परदेशात दोन वर्षं राहून ती पोर धडधाकट परत आली होती. तिला मारलं ते इथं, दारात जीप असताना. मग पोरीला घरात ठेवून तिला कशापासून वाचवताय तुम्ही?

मास्तर म्हणतात, तुझा नकार त्यांनी अजून पुढं कळवलेला नाही. आठ दिवस वाट बघतील. तिचा थंडीतला कोट माझ्याकडे आहे, लोकरीचा, जड. इथल्या ओलीनं त्याला बुरशी धरायला लागली होती, आज ऊन दाखवलं. तुळसा उंच होती, बाह्या तुला लांब होतील. टाचण्या लावून मापाच्या करून देते. पण त्याला तू अंगात घालून समोर उभी राहायला पाहिजेस. ये गे लवकर. सकाळच्या गाडीनं ये, आणि बाबांनाही घेऊन ये.