आठ दिवसांच्या बोलीवर घेतलेलं घड्याळ

तोतारामनाना माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायला मी मोकळा आहे. माणूस मनाचा चांगला, पण हट्टी इतका की विचारू नका. नरडाण्याच्या पंचक्रोशीत नानांना दाखवल्याशिवाय कोणी बैल घेत नसे. ते दात बघत, चाल बघत, आणि आधीच्या मालकानं जनावर का विकलं ते खोदून खोदून विचारत. एवढं करून वर आठ दिवस औताला जुंपून बघायचे, मगच सौदा पक्का.

छप्पन साली त्यांच्या सुनंदाचं लग्न ठरलं. मुलगा पितांबर, शिंदखेड्याला मास्तर. नानांनी त्याला एका दुपारी पाहिलं, चहा झाला, सुपारी फुटली. वरपक्षाचं मागणं एकच होतं, मनगटी घड्याळ. नानांची झोप उडाली. घड्याळ बंद पडलं तर शाळेची घंटा चुकेल, आणि बोलणी खाईल माझी पोर, असं ते मला दिवसातून दहादा सांगत. स्वतःला घड्याळ वाचता येत नव्हतं, म्हणून खरेदीला मला बरोबर घेतलं. भटू, म्हणजे मी, चौथी शिकलाय ना, मग त्याचं नशीबच फुटकं.

आधी जळगावला गेलो. घेवरचंद शेटजींच्या दुकानात काचेखाली नवी कोरी घड्याळं मांडलेली. नानांनी एक उचललं, कानाला लावलं, डोळे मिटले. मग म्हणाले, "शेटजी, आठ दिन हातमा घालीसन देखसू. पसंत पडनं त ठेवसू."

शेटजींनी शांतपणे समजावलं, की हातात घातलं की ते जुनं झालं, मग ते कोण घेणार? त्यापेक्षा वर्षाची ग्यारंटी लिहून देतो. नानांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, नवं म्हणजे अजून औताला न लागलेलं खोंड, आणि हा माणूस ते जुंपूनही बघू देत नाही. मी कपाळाला हात लावला. हातात आलेली चांगली वस्तू सोडून आम्ही रिकामे परतलो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला. तिथं नथ्थू घड्याळजी दुरुस्ती करी आणि वापरलेली घड्याळंही विकी. हे दुकान नानांना मानवलं. एकेक घड्याळ उचलून ते विचारायचे, कोणाचं, का विकलं? एकाच्या मालकानं नवं घेतलं होतं. म्हणजे यात खोड असणार, बाजूला ठेवा. दुसऱ्याचा मालक नथ्थूला आठवेना. तेही बाजूला. तिसरं एका रेल्वेच्या गार्डाचं. म्हाताऱ्याला डोळ्यांनी काटे दिसेनासे झाले म्हणून त्यानं विकलं. नाना खुलले. दोष मालकात आहे, जनावरात नाही! नथ्थूनं मागचं झाकण उघडून आतली चाकं दाखवली, तेव्हा तर दात बघायला मिळाले म्हणून फारच समाधान झालं. मग नानांनी उपरणं सोडलं, नथ्थूच्या हातावर टाकलं आणि बैलबाजाराच्या रीतीनं त्याची बोटं दाबून भाव करायला लागले. नथ्थूला वाटलं, पाहुणे वैद्य आहेत, नाडी बघताहेत. मी लाजेनं अर्धा झालो. पण आठ दिवसांची बोली त्यानं मान्य केली.

त्या आठ दिवसांत नानांनी घड्याळाला काय काय दाखवलं! मोटेवर नेलं, कडब्याच्या गाडीवर नेलं, रात्री उशाशी घेतलं. रोज सकाळी मी नरडाणा स्टेशनात पायपीट करत जायचो आणि तिथल्या घड्याळाशी ते ताडून यायचो. पाचव्या दिवशी ते मिनिटभर मागं पडलं. नाना म्हणाले, बैलही पाचव्या दिवशी दमतो, बोलू नको. बाजाराच्या दिवशी बाही वर सारून ते गावभर हिंडले आणि भेटेल त्याला गार्डाची सगळी हकीकत सांगितली. बैल घेताना हेच करायचं असतं, चार माणसांना दाखवायचं. घड्याळाच्या बाबतीत हेच नेमकं करायचं नसतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगतो, माझ्याही नाही.

लग्न लागलं. जेवणाला नवरदेव पाटावर बसला. सासऱ्यानं घड्याळ दिल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही रीत. नाना घड्याळ घेऊन पुढं आले, तोच पितांबरचा मामा, वनामामा, मोठ्यानं बोलला. मोटेवर वापरलेलं घड्याळ आमच्या पोराला देता काय? बेबाअक्का, माझी बहीण, खांबाला धरून उभी राहिली. सुनंदानं मान खाली घातली. पहिला टोमणा सासरी जायच्या आधीच बसला होता.

नाना चिडतील असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हाई घड्याळ जुनं शे, मामा. आठ दिन देखीसन लिधं. तुमना भाचाले मी एकच दुपार देखं. घड्याळ खराब निंघनं त वापस करसू. मनी पोर कशी वापस लिसू?"

मग पितांबरनं हात पुढं केला, घड्याळ बांधून घेतलं आणि मामाकडे न बघता म्हणाला, "नाना, मी आठ दिवस इथंच राहतो. पसंत पडलो तर सुनंदाला पाठवा."

वनामामा तणतणत वऱ्हाड घेऊन गेला. पितांबर खरोखरच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा हंडा घेऊन विहिरीवर निघाली, तर यानं तिच्या हातातला हंडा घेतला आणि सगळ्या गावादेखत पाणी भरून आणलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नाना ओट्यावर बसून बघत होते.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी स्वतः गाडी जुंपली. मी म्हटलं, नाना, अजून पाच दिवस बाकी आहेत. त्यांनी दोघांना गाडीत बसवलं, कासरा हातात घेतला, आणि शिंदखेडा येईपर्यंत रडत गाडी हाकली.