दोन पागोळ्यांमधलं रामफळ

भाड्याच्या घरात कुठल्या गोष्टी विचारून करायच्या असतात, हे मला रोह्याला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पेणला आमचं स्वतःचं घर आणि मागे ऐसपैस परसू. आईला जास्वंद लावावीशी वाटली की ती लावायची, बाबांना ती वाटेत आली की ते ती छाटायचे, आणि मग दोघं चार दिवस एकमेकांशी आमच्यामार्फत बोलायची. पण परवानगी कुणी कुणाची घेतली नाही. पुढे मला रोह्याच्या शाळेत नोकरी लागली. नवरा तिथल्याच एका कंपनीत शिफ्टवर जात होता, म्हणून आम्ही गावातलं एक बैठं घर भाड्यानं घेतलं.

घरमालकही पेणचेच निघाले. तिथे त्यांचा गणपतीचा कारखाना. किल्ली द्यायला आले तेव्हासुद्धा त्यांच्या नखांत पांढरं प्लास्टर अडकलेलं होतं. त्यांनी मला परसू दाखवलं आणि सांगितलं की भाजीपाला लावा, वेल चढवा, फुलझाडं कुंड्यांत हवी तेवढी ठेवा. झाड मात्र जमिनीत लावायचं नाही.

"भाडेकरूचं झाड रुजलं, की मागोमाग भाडेकरू रुजतो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मीही हसले. मला कुठे झाड लावायचं होतं, मला पडवळ लावायचं होतं.

पडवळ लावलं, दोडकी लावली, काकडीही लावली. वेल वीतभर वर आले न आले तोच शेजारच्या कोंबड्यांनी अख्खी आळी उकरून टाकली. पुन्हा बी टोकलं, पुन्हा तेच. त्या पावसाळ्यात आमच्या घरात बाजारातलंच पडवळ शिजलं, आणि कोंबड्या मात्र माझ्या खतामातीवर चांगल्या बाळसेदार झाल्या.

कोंबड्या काकींच्या. काकी म्हणजे आमच्या शेजारीण, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. माहेर पेणच्या खाडीकाठचं, सगळं घर मिठागरावर राबणारं. नवरा ट्रकवर, कधी घरी तर कधी बाहेर. त्याही भाडेकरूच, पण आमच्यासारख्या कालच्या नव्हे, बऱ्याच जुन्या. त्यांचा मालक पनवेलला असायचा आणि इकडे फिरकायचा नाही. आमचं छान जमायचं. त्या मला सुकट द्यायच्या, मी त्यांना पेणहून पोह्याचे पापड आणून द्यायचे. कोंबड्यांवरून मी कुरकुर केली की त्या कोंबड्यांना अशा शिव्या घालायच्या की मलाच त्या कोंबड्यांची दया यायची.

तेव्हा पुढच्या वर्षी चैत्रातच मी ठरवलं, पेरणीच्या आधी दोन घरांच्या मधे कुंपण घालायचं. बांबूच्या काठ्या आणि हिरवी जाळी, बस. काकींनाही खुराड्याचं दार उघडं टाकायला मोकळं होईल. मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगायला गेले.

"वई?" काकी म्हणाल्या. कुंपणाला त्या वई म्हणायच्या. "वई नको, बाई."

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. मी समजूत घालू लागले, तर त्यांनी कोंबड्या दिवसभर टोपलीखाली ठेवायचं कबूल केलं. मी म्हटलं, दिवसभर कशाला कोंडता बिचाऱ्यांना? मग त्या म्हणाल्या, मी विकूनच टाकते. ज्या कोंबड्यांच्या अंड्यांवर त्यांचा निम्मा स्वयंपाक चालायचा, त्या विकायला तयार, आणि कुंपणाला मात्र नाही. का, ते विचारलं तर ताकास तूर लागू देईनात.

मला चौकशीची खोड आहे. वर्गातसुद्धा एखादं मूल गृहपाठ का केला नाही हे सांगेना, की माझं शिकवण्यातलं लक्ष उडतं. तेव्हा मी घरमालकांना फोन करून कुंपणाची परवानगी मागितली खरी, पण मनात कुंपणापेक्षा काकीच जास्त होत्या. मालकांनी एकच प्रश्न विचारला, कुठून कुठे घालणार? मी म्हटलं, दोन घरांच्या मधोमध. मधोमध वगैरे काही नसतं मॅडम, ते म्हणाले, मी येऊन रेघ मारून देईन, तोवर काठी रोवू नका. सध्या मूर्ती साच्यांतून काढायचं काम चालू आहे, सवड झाली की येतो.

मधोमध का नसतं, हे कोडं आता दुसरं.

मी परसात उभी राहून दोन घरांमधली ती जागा न्याहाळू लागले. फार तर दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी पट्टी. तिच्यात एक रामफळाचं झाड, आमच्या छपराच्या कडेखालून काकींच्या बाजूला कललेलं. मी आले तेव्हापासून ते तिथे होतं आणि आमच्या मालकांचंच असेल असं मी धरून चालले होते. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच फळं धरली होती, तीन. आता लक्ष ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. काकी तांदळाचं धुवण रोज त्या झाडाला घालायच्या, पण मी परसात असले की नाही. मी घरात गेले की बाहेर यायच्या, भांडं रिकामं करायच्या आणि जाता जाता खोडावरून हात फिरवायच्या.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. त्या भांडं घेऊन आल्या तशी मी बाहेर आले आणि विचारलं, "काकी, झाड तुम्ही लावलंय?"

त्यांनी भांड्यातलं उरलेलं धुवण सावकाश झाडाच्या बुंध्यात ओतलं आणि तिथेच खाली बसल्या. मीही बसले.

मग कळलं. रामफळ त्यांच्या माहेरच्या दारातलं. पुढे बांध फुटून खाडीचं खारं पाणी गावात शिरलं, शेतं गेली आणि दारातलं झाडही उभ्याउभ्या वाळलं. पण त्याआधीच काकी लग्न होऊन कोलाडला गेल्या होत्या आणि जाताना बिया नेल्या होत्या. कोलाडच्या भाड्याच्या खोलीमागे त्यांनी एक लावली. झाडाला दोन बहार आले आणि मालकाच्या नजरेस पडलं. विचारलं नाही म्हणून त्यानं ते बुंध्यापासून तोडलं. रोह्याला येताना काकींच्या सामानात शेवटच्या फळाच्या बिया होत्या.

"हितं मालकाला इचारला असता तर तोबी नायच बोलला असता," काकी म्हणाल्या. "म्हनून कोनाचीच नाय ती जागा बगली."

कोणाचीच नाही अशी जागा गावात असते, हे मला नवं होतं. काकींनी बोटानं माती उकरून दाखवली. भिंतीपासून हातभर अंतरावर बारीक, धुतल्यासारख्या खड्यांची एक सरळ रांग निघाली. ती पागोळीची रेघ. छपरावरून गळणारं पाणी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पडून माती वाहून जाते आणि खडे उघडे पडतात. इथे जुन्या घरांना कुंपण नसतं, पण ज्याची पागोळी जिथे पडते तिथवर त्याची जमीन, हे सगळे मानतात. आमच्या पागोळीची रेघ इथे, काकींच्या घराची पलीकडे, आणि मधली चिंचोळी पट्टी दोघांचीही नाही. त्या पट्टीत बरोबर काकींनी बी पुरलं होतं. मला तर या बाईचं कौतुकच वाटलं. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींनासुद्धा एवढं सुचलं नसतं.

"मग तुम्हाला भीती कसली?" मी विचारलं.

त्यांनी वर बोट केलं. आमच्या घरावर आता कौलं नव्हती. मी यायच्या आधी मालकांनी कौलं उतरवून पत्रा घातला होता आणि पत्र्याची कड चांगली पुढे आली होती. म्हणजे पागोळीही पुढे सरकली. कुंपणाची रेघ आज मारली तर रामफळ आमच्या मालकांच्या हद्दीत येणार. आणि भाडेकरूच्या झाडाबद्दल आमच्या मालकांचं मत मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फोन करून सांगितलं की कुंपण राहू दे, कोंबड्यांचं मिटलं. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ज्या माणसाला महिनाभर सवड नव्हती, त्याला एकदम शंका आली. कालपर्यंत कुंपण हवं होतं, आज नको, म्हणजे शेजारचे काही पुढे सरकतायत की काय? येत्या रविवारी येतो, म्हणाले. मी इतकी चिडले स्वतःच्या जिभेवर की त्या दिवशी वर्गात कुणाला काही बोललेच नाही, आणि मुलं घाबरली.

रविवारी ते आले. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टरची पांढरी भुकटी. काकी आपल्या मागच्या दारात पदर खोचून उभ्या होत्या. मालकांनी पत्र्याच्या कडेला दोरी बांधून दगड खाली सोडला आणि दगड टेकला तिथून भुकटीची धार सोडत निघाले. मूर्तीच्या सोंडेवर कुंचला फिरवावा तशी त्यांची रेघ सरळ आणि सावकाश. मी जुन्या खड्यांची रांग दाखवून म्हटलं, काका, जुनी रेघ तर ही आहे, कुंपण इथून घालूया का? ते म्हणाले, कौलं गेली तशी त्यांची रेघही गेली. भुकटीची धार रामफळाला वळसा घालून पुढे गेली आणि झाड आत राहिलं.

मग ते थांबले. "हे कुणी लावलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी राहायला आले तेव्हा होतंच," मी म्हणाले. ते खरंच होतं. आता पुढचा प्रश्न काकींना जाणार होता.

पण मालकांचं लक्ष फळांवर गेलं. पानांआड एक चांगलं लाली चढलेलं लोंबत होतं. त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या वडिलांना रामफळ फार आवडायचं म्हणे, बाजारातून मुद्दाम आणायचे. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली. पाखरानं कुठूनतरी बी आणून टाकलं असेल, ते म्हणाले, आणि खात्री करून घ्यायला काकींकडे पाहिलं.

"व्हय," काकी म्हणाल्या. "पाखरानच आनला आसंल."

"म्हणजे आमचंच की," मालक म्हणाले. त्यांनी मला बजावलं की झाडाला जपा, कुणाला फांदी तोडू देऊ नका, कुंपण मात्र आता घालाच. मग टाचा उंचावून त्यांनी ते लाल फळ देठासकट खुडलं आणि रिकाम्या झालेल्या पिशवीत ठेवायला गेले.

"भुकटीत नका ठेवू, भाऊ," काकी म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी एक जुनं फडकं आणून दिलं. "घरी तांदलात ठेवा, दोन दिसांत पिकंल."

मालक गेले. झाड वाचलं होतं, आणि मला रडू येत होतं. काकींनी पांढऱ्या रेघेकडे पाहिलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या.

कुंपण घातलं. घालणं भाग होतं, मालक पुन्हा बघायला येणार होते. पण रामफळासमोर मी जाळी बांधली नाही, हात सहज जाईल एवढी जागा मोकळी सोडली. कोंबड्यांनी ती पहिल्याच दिवशी शोधून काढली. काकींनी मात्र तिथून हात घातला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या धुवणाचं भांडं घेऊन जाळीपलीकडे उभ्या राहिल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "झारास पानी घालू का?"

मी शाळेत रोज मुलांना शिकवते की विचारून करावं. त्या दिवशी तो प्रश्न मला सहन झाला नाही. मी काकींना म्हटलं, असं विचाराल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. त्या हसल्या. पण पुढेही विचारायच्या, रोज, कारण कुणाच्या कानावर जाईल ते सांगता येत नाही.

उरलेल्या दोन फळांतलं एक वटवाघळानं खाल्लं. तिसऱ्याला लाली चढली तशी मी ते उतरवलं, तांदळात ठेवलं आणि पिकल्यावर काकींच्या पायरीवर घेऊन गेले. त्यांनी ते हातानंच फोडलं, अर्धं मला दिलं आणि पहिला घास घेऊन कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. माहेरच्यासारखं आहे का, मला विचारायचं होतं. माझ्यासारख्या बाईला न विचारणं किती जड गेलं असेल ते मलाच माहीत. त्यांनी आपणहूनच मान डोलावली.

खाऊन झाल्यावर त्यांनी बिया धुतल्या, माझ्याही मागून घेतल्या आणि पदरावर पसरल्या. मी त्यांतली एक मागितली. त्यांना ते चमत्कारिक वाटलं. मग मी त्यांच्यासमोरच पेणला आईला फोन लावला आणि विचारलं, आपल्या परसात रामफळ लावू का?

"विचारतेस काय?" आई म्हणाली. "घर कुणाचं आहे?"

काकी कान देऊन बसल्या होत्या. काय म्हनली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाव म्हणाली. त्यांनी बियांमधून निवडून दोन मोठ्या मला दिल्या, त्यांवरून एकदा अंगठा फिरवून. बाकीच्या पदराच्या टोकात घट्ट बांधल्या.

"ह्या ऱ्हाऊ दे गो माज्याकडं," त्या म्हणाल्या. "पुढल्या घराला लागतील."